चाल टिपायची कशी? घरगुती ध्वनिमुद्रणाची साधने आणि हिंगोलीचे भजन

हिंगोली तालुक्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. तिथून जवळच असलेल्या औंढा नागनाथ येथे त्यांना विसोबा खेचरांचा उपदेश लाभला, अशी परंपरा सांगते. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि ती तेथे रागांच्या नावाखाली लावलेली आहेत. मराठी गाथेत मात्र शब्द आहेत, चाल नाही. ती गाणाऱ्याच्या गळ्यावर सोपवलेली आहे. परिणामी एकच अभंग एका गावात एका चालीवर, तर नदीपलीकडच्या गावात दुसऱ्या चालीवर गायला जातो. गाथेच्या छापील प्रती घरोघरी आहेत; चालींची प्रत मात्र त्या गाणाऱ्या म्हाताऱ्यांपाशीच असते.

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असल्याने हा प्रश्न सुटला, असे वाटते. प्रत्यक्षात सप्ताहात किंवा एकादशीच्या भजनात मोबाइलवर टिपलेले ध्वनिमुद्रण घरी ऐकले, की टाळांचा एकच गलका ऐकू येतो आणि त्यामागे कुठेतरी गायक. शब्द लागत नाहीत, चालीतली हरकत तर नाहीच नाही. याचे खापर बहुधा स्वस्त साधनावर फोडले जाते आणि मंडळातील उत्साही तरुण महागड्या माईकच्या किमती पाहू लागतात. दोष क्वचितच साधनाचा असतो. कोण कुठे बसले आणि खोली कशी आहे, यावर अधिक अवलंबून असते.

कर्ण्यासमोरून टेपकडे

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गेसबर्ग यांनी कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा माईक नव्हता. गायिका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि तिच्या आवाजाने सुई मेणाच्या तबकडीवर खाच उमटवीत असे. वाद्यांचा आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नव्हती. मोठ्या आवाजाचे वाद्य लांब आणि हळू आवाजाचे जवळ बसवायचे, एवढाच उपाय होता. १९२५ पासून विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि ही कसरत संपली, असे पुस्तकांत लिहिलेले असते. एका माईकवर भजन टिपणाऱ्यासाठी ती अजूनही संपलेली नाही.

फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली आणि ध्वनिमुद्रण घरात शिरले. ऐंशीच्या दशकात भक्तिगीते आणि भीमगीते यांच्या कॅसेटनी महाराष्ट्राची खेडी भरून गेली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज गावोगावी पोहोचले, ते याच काळ्या फितीवरून. त्याच सुमारास रेडिओ आणि टेप एकत्र असलेला ‘टू-इन-वन’ अनेक घरांत आला. त्यावरचे लाल बटण दाबून घरचे भजन, लग्नातली गाणी, आजीच्या ओव्या टिपता येऊ लागल्या. १९७९ मध्ये टॅस्कॅम कंपनीने साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पट्टे मुद्रित करणारे ‘पोर्टास्टुडिओ’ यंत्र काढले. पाश्चात्त्य देशांतील हौशी कलावंतांनी त्यावर घरी गाणी बांधली. मराठवाड्याच्या हौशी गायकाने मधली ही पायरी बहुधा ओलांडलीच. तो ‘टू-इन-वन’वरून थेट संगणकावर आणि तिथून मोबाइलवर आला. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला आणि पुढच्याच वर्षी ‘ऑडॅसिटी’ ही मोफत ध्वनिसंपादनाची प्रणाली प्रसिद्ध झाली, हा अर्थातच योगायोग. पण साध्या संगणकावर घरबसल्या अनेक पट्ट्यांचे ध्वनिमुद्रण विनामूल्य होण्याचा काळ तोच.

माईक: दोन जाती, दोन स्वभाव

हौशी कलावंताच्या हाती येणारे माईक मुख्यतः दोन प्रकारचे असतात. डायनॅमिक माईकमध्ये पातळ पडद्याला तारेचे बारीक वेटोळे चिकटवलेले असते. आवाजाने पडदा हलतो, वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात मागेपुढे होते आणि तारेत क्षीण वीज उत्पन्न होते. याला बाहेरून वीज लागत नाही. पडला, धुळीत राहिला तरी तो तग धरतो. श्यूर कंपनीचा १९६६ चा एसएम ५८ हा या जातीचा जगभर प्रमाण मानला गेलेला नमुना. मंडपवाल्याकडचा अहुजाचा माईकही सहसा याच कुळातला. तो जवळचे ऐकतो आणि लांबचे बरेचसे सोडून देतो.

कंडेन्सर माईकमध्ये अतिशय तलम पडदा एका धातूच्या पट्टीसमोर ताणलेला असतो. दोघांमधील अंतर बदलले, की विद्युतधारकता बदलते. त्याला बहुधा ४८ व्होल्टचा दाब केबलमधूनच पुरवावा लागतो. त्यास ‘फँटम पॉवर’ म्हणतात. हा माईक श्वास टिपतो, मींड टिपते तशी टिपतो आणि त्याबरोबरच शेजारची पिठाची गिरणी, गल्लीतला ट्रॅक्टर आणि छताचा पंखाही तितक्याच इमानाने टिपतो. शहरातील बंदिस्त स्टुडिओसाठी याची शिफारस केली जाते, ती योग्यच आहे. रस्त्यालगतच्या घरात मात्र तीच शिफारस पैसे वाया घालवते. एकच माईक घ्यायचा असेल आणि खोली साधी असेल, तर डायनॅमिक घ्यावा, हा सल्ला दुकानदारास आवडणार नाही. पण तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो. मंडपवाल्याचा माईक उसना आणला, तर त्याची केबल एकदा पाहून घ्यावी. ती कित्येकदा मोठ्या जॅकची असते. संगणकाच्या इंटरफेसला तीन पिनांची एक्सएलआर केबल अधिक चांगली.

गाणाऱ्याने माईक ओठांना लावू नये. एक वीत अंतर पुरेसे आहे. फार जवळ गेल्यास या माईकमध्ये खर्ज फुगतो आणि आवाज घुमा होतो. ‘पांडुरंग’, ‘पंढरी’, ‘भाव’, ‘भक्ती’ हे तर अभंगात पदोपदी येणारे शब्द. त्यांतील प, फ, ब, भ उच्चारताना ओठांतून वाऱ्याचा झोत निघतो आणि ध्वनिमुद्रणात धप्प असा आवाज येतो. त्यासाठी बाजारात ‘पॉप फिल्टर’ मिळतो. भरतकामाच्या लाकडी रिंगणात नायलॉनचा पायमोजा ताणून माईकपुढे चार बोटांवर बांधला, तरी तेच काम होते. माईक तोंडासमोर न ठेवता जरा तिरपा ठेवणे हा त्याहूनही सोपा उपाय.

टाळकरी कुठे बसवावेत?

भजनाच्या ध्वनिमुद्रणात खरी अडचण टाळांचीच. धातूच्या टाळाचा बहुतेक जोर उंच कंपनांत असतो. समोर बसून ऐकणाऱ्याचे कान आणि मन गायकाच्या शब्दांवर केंद्रित होतात आणि टाळांना मागे सारतात. माईकला मन नसते. त्यातही मोबाइलमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी यंत्रणा असते. टाळाचा प्रत्येक ठोका पडला, की ती सगळाच आवाज खाली ओढते आणि ठोका ओसरला, की पुन्हा वर सोडते. गायकाचा आवाज त्यामुळे दर मात्रेला बुडतो आणि वर येतो. मोबाइलवरील भजन ऐकताना जो धापा टाकल्यासारखा भास होतो, त्याचे कारण हेच.

यावरचा उपाय गेसबर्गच्या काळातलाच आहे. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासून माईकचे अंतर दुप्पट केले, की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. बंद खोलीत भिंतींवरून आवाज परतत असल्याने घट थोडी कमी होते. शिवाय गायनासाठीचे बहुतेक माईक हृदयाकृती पट्ट्यात ऐकतात: समोरचे जास्त, बाजूचे कमी, पाठीमागचे फारच थोडे. म्हणून माईकचे तोंड गायकाकडे आणि पाठ टाळकऱ्यांकडे असावी. म्हणजेच टाळकरी गायकाच्या समोर, पण माईकच्या पलीकडे, सहा-आठ फुटांवर बसवावेत. अनेक मंडळांत टाळकरी गायकाच्या मागे किंवा दोन्ही बाजूंना असतात. तेव्हा माईकचे तोंड नेमके त्यांच्याकडेच राहते. बैठक फिरवल्याने एक पैसाही खर्च होत नाही आणि फरक महागड्या माईकपेक्षा मोठा पडतो. टाळांच्या दहा जोड्यांची गरज ध्वनिमुद्रणात नसते, दोन पुरतात. बाकीच्यांनी टाळ खाली ठेवून ध्रुपद उचलावे. हे पटवून देणे तांत्रिक नव्हे, तर घरगुती मुत्सद्देगिरीचे काम आहे.

पेटी माईकच्या बाजूला दोन फुटांवर चालते. पखवाजाचे काम अधिक नाजूक. त्याच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते आणि तिथून निघणारा खोल नाद लहान खोलीत घुमतो. उजव्या शाईच्या पुडीचे ‘ती’, ‘टे’ हे बोल मात्र लांबून पुसट होतात. दुसरा माईक हाताशी असेल, तर तो पखवाजासाठी ठेवावा. तो पखवाजाच्या मधोमध, समोरून दीड हातावर आणि किंचित उजवीकडे कलता असावा. दोन माईक वापरताना त्यांच्यातील अंतर हे प्रत्येक माईक आणि त्याच्या वाद्यामधील अंतराच्या किमान तिप्पट असावे, असा जुना ठोकताळा आहे. तो न पाळल्यास एकच आवाज दोन माईकमध्ये क्षणभराच्या फरकाने पोहोचतो आणि मिसळल्यावर पोकळ लागतो.

गायक आज, पखवाज उद्या, असे थरावर थर देऊन मुद्रण करण्याची पद्धत चित्रपटगीतांतून आली. भावगीत किंवा तयार संगीतपट्टीवर गायलेले भीमगीत अशा रीतीने उत्तम होते. त्यासाठी कान पूर्ण झाकणारे हेडफोन हवेत, अन्यथा त्यातील संगीत माईकमध्ये गळते. भजनाला ही पद्धत मानवत नाही. भजन ठाय लयीत सुरू होऊन चढत जाते आणि ती चढण गायक, पखवाजी आणि टाळकरी एकमेकांकडे पाहून ठरवतात. मेट्रोनोमच्या टिकटिकीवर बांधलेले भजन शुद्ध येते, पण ते त्या मंडळाचे राहत नाही. सगळ्यांनी एकत्र बसून गावे, चुकले तर पुन्हा गावे.

वाकळ, पोती आणि पत्रे

सिमेंटच्या भिंती, फरशी आणि वर स्लॅब अशा रिकाम्या खोलीत टाळी वाजवली, तर झणझणीत प्रतिसाद येतो. पत्र्याच्या घरात तो आणखी तीक्ष्ण, आणि पावसात तर मुद्रणाचा विचारच सोडावा. बाजारातील फोमचे तुकडे भिंतीला चिकटवण्याची टूम शहरांतून आली आहे. पातळ फोम फक्त वरचे स्वर शोषतो; पखवाजाच्या घुमाऱ्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. मराठवाड्यातील घरात त्याहून चांगली वस्तू असतेच: वाकळ. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर शिवून केलेली जाड वाकळ गायकाच्या पाठीमागे दोरीवर, भिंतीपासून वीतभर पुढे टांगली, तर ती बरेच काम करते. पाठीमागेच का? कारण माईक गायकाकडे तोंड करून असतो आणि त्याला गायकामागच्या भिंतीवरून परतणारा आवाज सर्वांत जास्त ऐकू येतो. कापसाच्या गाद्या कोपऱ्यांत उभ्या केल्यास खर्जही काहीसा आवरतो. सुगीनंतर सोयाबीनच्या किंवा हळदीच्या पोत्यांची थप्पी लागलेली खोली ध्वनिमुद्रणाला रिकाम्या बैठकीपेक्षा सरस, हे ऐकायला विनोदी वाटेल. पण भरलेली पोती आवाज शोषतात आणि त्यांचा उंचसखलपणा उरलेला विखुरतो.

संगणकाच्या दारातला इंटरफेस

माईकची क्षीण वीज वाढवून तिचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या छोट्या पेटीस ऑडिओ इंटरफेस म्हणतात. यूएसबी केबलने ती संगणकाला जोडतात. एक माईक जागा आणि दुसरा पखवाजाला, एवढ्यासाठी दोन माईक घेणारी पेटी पुरते. ती सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची मोजणी करते; हा आकडा सीडीच्या प्रमाणातून आला आहे. प्रत्येक मोजणी १६ बिटची असेल, तर ६५,५३६ पायऱ्या मिळतात. २४ बिटची असेल, तर १ कोटी ६७ लाखांहून अधिक. फायदा कानाला लगेच कळत नाही. तो असा, की २४ बिटमध्ये पातळी मुद्दाम कमी ठेवून मुद्रण करता येते आणि नंतर वाढवली तरी खरखर येत नाही. भजन शेवटी चढणारच, म्हणून सुरुवातीला निर्देशक उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवावा. टोक उणे ६ च्या वर जाऊ नये. लाल दिवा लागला, की तो भाग फाटला आणि फाटलेला आवाज कोणत्याही प्रणालीने पूर्ववत होत नाही.

या दर्जाचा एक पट्टा मिनिटाला सुमारे ८ मेगाबाइट जागा घेतो. दोन माईकचे तासभराचे भजन एका गिगाबाइटच्या आत बसते, तेव्हा जागेची चणचण हे एमपी३ करून ठेवण्याचे कारण राहिलेले नाही.

इंटरफेस नसेल, तर मोबाइल वाईट नाही. तो गायकापासून हातभर अंतरावर, टाळांपासून दूर, उशीवर ठेवावा. लाकडी पाटावर ठेवल्यास पखवाजाचे हादरे त्यात उतरतात. आवाज स्वच्छ करण्याची सोय मात्र बंद करावी. ती माणसाचे बोलणे वाचवण्यासाठी रचलेली असते आणि सतत चालणारा एकसुरी आवाज ‘गोंगाट’ समजून पुसू पाहते. तंबोरा, वीणा आणि पेटीचा धरलेला सूर तिच्या लेखी पंख्याच्या घरघरीसारखाच.

विजेची गुणगुण

ध्वनिमुद्रणात सतत ‘हूं’ असा खर्जातला आवाज ऐकू आला, तर तो बहुधा ५० हर्ट्‌झच्या घरगुती विजेचा असतो. अर्थिंग नीट नसणे हे त्याचे नेहमीचे कारण. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ घालून उन्हाळ्यात पाणी ओतणे, हे काम बहुतेक घरांत विसरलेले असते. तात्पुरता उपाय असा: लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा, इंटरफेस त्याच्याच यूएसबीवर राहू द्यावा आणि माईकची केबल विजेच्या वायरीला समांतर न नेता आडवी ओलांडावी. एलईडी दिवे आणि इन्व्हर्टरही किरकिर करतात. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात तासन्‌तास भारनियमन होत असे. वीज गेली, की पंखा, मोटार, गिरणी सगळे थांबे आणि बॅटरीवरचा टेप घेऊन बसायला तीच वेळ उत्तम ठरे. आजही रात्री उशिरा, पंखा बंद करून बसण्यास पर्याय नाही.

पेटीतल्या जुन्या कॅसेट

नव्या मुद्रणापेक्षा तातडीचे काम पत्र्याच्या पेट्यांत पडलेले आहे. कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. तिच्यावरील चुंबकीय थर उष्णतेने आणि दमटपणाने खराब होतो, बुरशी धरतो. कॅसेट वाजवण्याआधी तिच्या पाठीच्या दोन्ही प्लास्टिकच्या कड्या मोडाव्यात, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. टेपचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावे. फीत एकदा शेवटापर्यंत आणि परत गुंडाळून मग लाइन-आउटमधून, ती सोय नसेल तर हेडफोनच्या छिद्रातून, संगणकाच्या लाइन-इनला जोडावी.

येथे एक गफलत हटकून होते. ‘टू-इन-वन’ सेलवर चालत असे आणि सेल उतरले, की मुद्रण करताना फीत हळू सरके. अशी कॅसेट पूर्ण वेगाने वाजवली, की गायन चढ्या पट्टीत आणि घाईत ऐकू येते. नव्या पिढीने तीच पट्टी, तीच लय खरी मानली, तर चाल चुकीची पुढे जाते. ही चूक पकडण्याचे साधन त्याच मुद्रणात असते: पेटी. पेटीचे स्वर पक्के असतात. फितीवरील पेटीचा सा काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधेच कुठेतरी लागत असेल, तर वेग बिघडलेला आहे. दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये सुमारे ६ टक्क्यांचा फरक असतो. त्या हिशेबाने ऑडॅसिटीत वेग कमी करून पेटी जागेवर आणावी. जुनी पेटी स्वतःच थोडी उतरलेली असू शकते, हे ध्यानात ठेवावे. आणि वेग नेमका एक पूर्ण पट्टी चुकला असेल, तर पेटीही तो लपवते. ती त्या घरात अजून असेल, तर तिच्याशीच पडताळावे आणि गायक कोणत्या पट्टीत गात असे, हे मंडळातील कोणाला तरी विचारावे.

नोंद आणि प्रत

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांपैकी कित्येक प्रत्यक्ष गाणाऱ्या बायांकडून मुद्रित केल्या. परभणी जिल्ह्यातील ताडकळसचे आवाजही त्यांत आहेत. आज हा संग्रह ‘परी’ या संकेतस्थळावर ऐकता येतो. तो उपयोगी पडतो, कारण प्रत्येक ओवीसोबत गाव आणि गाणारीचे नाव आहे. घरातल्या संग्रहांत नेमका याचाच अभाव असतो. ‘रेकॉर्डिंग नवीन २’ नावाची फाइल पाच वर्षांनी कोणाचीच नसते.

मूळ मुद्रण वॅव्ह स्वरूपात, काहीही न कापता ठेवावे. सजवलेली प्रत निराळी. व्हॉट्सॲपवर पाठवायचेच असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे; व्हॉइस मेसेज आवाज फार दाबतो. पेन ड्राइव्ह हे नेण्या-आणण्याचे साधन आहे, साठवणीचे नव्हे. किमान दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असाव्यात. नामदेवांचे अभंग सर्वांचे आहेत, परंतु अनेक मंडळे ते चित्रपटगीतांच्या चालींवरही गातात; १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगीतकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे त्या चालीवर हक्क राहतो, म्हणून अशी भजने प्रसारित करताना ती काढून टाकली जाण्याची शक्यता असते. गावच्या जुन्या चालींना ती भीती नाही.

मुद्रण सुरू करताना कोणीतरी तारीख, गाव, गायकाचे नाव, पट्टी आणि चाल कोणाकडून आली, हे माईकवरच बोलून घ्यावे. कागद हरवतो, हे शब्द गाण्याला चिकटून राहतात. आणि दोन अभंगांच्या मध्ये यंत्र बंद करू नये. पखवाज लावता लावता, चहा येईपर्यंत, जुना गायक ही चाल आमच्या आज्याने कोणत्या दिंडीत ऐकली ते सांगू लागतो, किंवा दुसऱ्या गावची चाल कशी वेगळी आहे ते अर्धी ओळ गाऊन दाखवतो. ती अर्धी ओळ पुन्हा मागून मिळत नाही.